‘व्हाय बी गुड?’ (१९२९) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा चित्रपट नेमका कोणता?

फर्स्ट नॅशनल कंपनीचा, १९२९ साली आलेला अमेरिकन चित्रपट. नायिका कॉलीन मूर, नायक नील हॅमिल्टन, दिग्दर्शक विल्यम सायटर, लेखक कॅरी विल्सन. निर्माते जॉन मॅक्कॉर्मिक हे तेव्हा मूर यांचे पती होते. लांबी साधारण ८४ मिनिटं. पुढे कित्येक दशकं याची गणना हरवलेल्या चित्रपटांत होत होती. २०१४ मध्ये तो आवाजासकट पुन्हा पडद्यावर आला.

मूकपट की बोलपट?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि यावर सगळ्यात जास्त गोंधळही. उत्तर : आवाज आहे, संवाद नाहीत. पात्रं ओठ हलवतात आणि त्यांचं बोलणं मूकपटातल्यासारखं पाट्यांवर वाचायचं. मात्र वाद्यवृंदाचं संगीत आणि गर्दी-गोंगाटाचे आवाज चित्रपटाबरोबरच ध्वनिमुद्रित होऊन आलेले आहेत. म्हणजे थिएटरातल्या पियानोवाल्याने मनाला येईल ते वाजवायचं, हा प्रकार इथे संपला. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाने जे संगीत ऐकलं तेच आडगावच्या प्रेक्षकानेही ऐकलं, अर्थात त्या गावच्या थिएटरात यंत्र बसलेलं असेल तर.

१९२८-२९ मध्ये हॉलिवूडमधून एकाच वेळी चार तऱ्हेचे चित्रपट निघत होते : पूर्ण मूक, संगीत आणि आवाज जोडलेले पण संवाद नसलेले, अधूनमधून बोलणारे, आणि ‘शंभर टक्के बोलणारे’. जाहिरातींत हे शब्द मोठ्या टायपात असत, कारण प्रेक्षक तिकीट काढताना तेच विचारायचा. ‘व्हाय बी गुड?’ दुसऱ्या तऱ्हेचा. ज्या थिएटरांत ध्वनियंत्रणा आली नव्हती त्यांच्यासाठी असे चित्रपट मूक आवृत्तीतही पाठवले जात. मूक आणि सध्वनी आवृत्त्यांची लांबी अनेकदा वेगळी असते. पुढे चित्र आणि आवाज जुळवताना हा फरक फार त्रास देतो, ते खाली येईलच.

आमचं मत विचाराल, तर संवाद नाहीत हे या चित्रपटाचं नशीबच. त्या वर्षीचे बोलपट पाहा : मायक्रोफोन फुलदाणीत लपवलेला, नट त्याच्याभोवती खिळल्यासारखे उभे, आणि कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून कॅमेरा बंद पेटीत कोंडलेला. इथे कॅमेरा मोकळा फिरतो आणि कॉलीन मूर मनसोक्त नाचते.

कथा काय आहे? (पुढे शेवट सांगितला आहे.)

पर्ट केली ही एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमधली विक्रेती. दिवसभर काउंटरवर उभी, रात्री नाचघरात. तिथे तिची एका श्रीमंत तरुणाशी ओळख होते. घरी जायला उशीर होतो, साहजिकच दुसऱ्या दिवशी कामावरही उशीर. खुलासा द्यायला तिला ज्या साहेबापुढे उभं करतात तो रात्रीचाच तरुण, मालकाचा मुलगा. मालक तिला कामावरून काढतो आणि मुलाला बजावतो की हल्लीच्या पोरी चांगल्या चालीच्या नसतात. बापाचं ऐकून मुलगा तिची परीक्षा घ्यायला जातो, ती त्याला चार शब्द सुनावते आणि शेवटी दोघांचं लग्न होतं.

गोष्ट साधी आहे. जोर आहे तो पर्टच्या बोलण्यात. मुलींनी भडक राहावं, धीट वागावं असं पुरुषांनाच हवं असतं, आणि तशा वागल्या की नावंही तेच ठेवतात, हे ती तोंडावर सांगते. वडिलांनाही ती ऐकवते की मी कमावते आणि घरात पैसे आणते. हॉलिवूडची आचारसंहिता १९३० मध्ये लिहिली गेली आणि १९३४ पासून तिची सक्तीने अंमलबजावणी झाली. हा चित्रपट त्याच्या आधीचा आहे, हे पाहताना जाणवतं.

इतका लोकप्रिय चित्रपट हरवतोच कसा?

लोकप्रियतेचा आणि टिकण्याचा काही संबंध नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत सुमारे ११,००० मूक कथापट निघाले. त्यांतले मूळ ३५ मिमी स्वरूपात पूर्ण टिकलेले जेमतेम १४ टक्के.

कारणं दोन. पहिलं रासायनिक. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. ती हळूहळू स्वतःच कुजते, कुजताना आम्ल सोडते आणि त्या आम्लाने कुजणं आणखी वेगाने होतं. दुसरं कारण व्यापारी. १९३० नंतर ‘न बोलणाऱ्या’ चित्रपटाला कोणी गिऱ्हाईक उरलं नाही, मग कपाट भाड्याने घेऊन तो ठेवायचा कोणासाठी? फिल्ममधली चांदी काढून घेतली तर निदान चार पैसे तरी मिळायचे.

कॉलीन मूर यांनी स्वतः आपल्या चित्रपटांच्या प्रती जपणुकीसाठी एका मोठ्या संग्रहालयाकडे सोपवल्या होत्या. तिथे त्यांची देखभाल झाली नाही आणि नायट्रेट कुजून त्या गेल्या. आपल्या काळातल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या नट्यांपैकी ही एक; आज तिचे साधारण निम्मे चित्रपट हरवलेले मानले जातात. १९२३ च्या ‘फ्लेमिंग यूथ’ने तिला ‘फ्लॅपर’ (त्या दशकातली धीट, आधुनिक तरुणी) म्हणून घराघरांत पोचवलं, आणि त्याचंही फक्त एक रीळ उरलं आहे.

मग हा सापडला कसा?

दोन तुकड्यांत, दोन खंडांत.

आवाज अमेरिकेत होता, फिल्मपासून वेगळ्या तबकड्यांवर (ही ‘व्हिटाफोन’ पद्धत, तिच्याबद्दल खाली). १९९१ मध्ये जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्या काही मंडळींनी ‘व्हिटाफोन प्रोजेक्ट’ सुरू केला. काम एकच : मूकपटाकडून बोलपटाकडे जाण्याच्या संक्रमणकाळातल्या चित्रपटांच्या ध्वनितबकड्या शोधायच्या आणि त्यांची चित्रं कुठल्या संग्रहात आहेत का, हे ताडून पाहायचं. त्यांतले रॉन हचिन्सन (निधन २०१९) यांच्याकडे ‘व्हाय बी गुड?’च्या तबकड्यांचा संच आला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या वार्तापत्रात हळहळ व्यक्त केली की आवाज आहे, पण चित्र काही उरलं नाही. ते वाचून चित्रपट इतिहासकार जोसेफ यरान्स्की यांनी कळवलं की चित्र उरलं आहे, मिलानच्या चित्रपट संग्रहात ३५ मिमीची नायट्रेट प्रत आहे. यरान्स्की हे कॉलीन मूर यांचे स्नेही, त्यामुळे त्यांना हे ठाऊक होतं.

पत्ता लागल्यापासून पडद्यापर्यंत यायला आणखी दीड दशक गेलं. वॉर्नर ब्रदर्सने मिलानच्या संग्रहाच्या सहकार्याने, बोलोन्यातल्या लिमाजिने रित्रोवाता या प्रयोगशाळेत जीर्णोद्धार करून घेतला. २०१४ च्या उन्हाळ्यात बोलोन्याच्याच इल चिनेमा रित्रोवातो महोत्सवात तो दाखवला गेला.

म्हणजे तो खरं तर हरवलेलाच नव्हता?

नव्हता. मिलानच्या लोकांना आपल्या कपाटात काय आहे ते माहीत होतं. हरवली होती ती दोन ठिकाणच्या माहितीची गाठ. ‘सापडलेला चित्रपट’ अशी बातमी वाचताना हे लक्षात ठेवा. माळ्यावरच्या ट्रंकेपेक्षा संग्रहांच्या याद्यांतच जास्त चित्रपट सापडतात. परक्या देशातल्या प्रतीला पुष्कळदा तिथलं स्थानिक नाव दिलेलं असतं आणि पहिलं रीळ गायब असतं. मग चित्रपट ओळखणार कशावरून?

व्हिटाफोनची तबकडी चालायची कशी?

व्हिटाफोन ही वेस्टर्न इलेक्ट्रिकने विकसित केलेली आणि वॉर्नर ब्रदर्सने बाजारात आणलेली पद्धत. ६ ऑगस्ट १९२६ रोजी ‘डॉन हुआन’ या चित्रपटाबरोबर ती न्यूयॉर्कला लोकांपुढे आली. ६ ऑक्टोबर १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’ने तिचं नाव सर्वतोमुखी केलं. १९२८ च्या अखेरीस वॉर्नरने फर्स्ट नॅशनलचा ताबा मिळवला, म्हणून ‘व्हाय बी गुड?’चा आवाजही व्हिटाफोनचा.

पद्धत अशी. आवाज फिल्मवर नाही, वेगळ्या तबकडीवर. तबकडी १६ इंच व्यासाची, लाखेच्या मिश्रणाची, आवाज एकाच बाजूला, वेग मिनिटाला ३३⅓ फेरे. हजार फुटांच्या एका रिळाला एक तबकडी. फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे रीळ सुमारे ११ मिनिटांत संपतं, तबकडीही तेवढीच. ८४ मिनिटांचा हिशेब केला तर साडेसात हजार फूट होतात, म्हणजे आठ रिळं आणि आठ तबकड्या.

प्रोजेक्टर आणि तबकडीचं चाक एकाच मोटरला दांड्यांनी जोडलेलं असे, त्यामुळे दोघांचा वेग आपोआप सारखा राही. सुरुवात मात्र ऑपरेटरच्या हातात :

१. फिल्मच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर ‘स्टार्ट’ लिहिलेली एक चौकट असते. फिल्म भरताना ती बरोबर प्रोजेक्टरच्या खिडकीत आणायची.

२. रिळाचा आणि तबकडीचा क्रमांक ताडून पाहायचा. हे हास्यास्पद वाटेल, पण सगळ्यात जास्त फजिती इथेच व्हायची.

३. तबकडीच्या आतल्या बाजूला, खोबण सुरू होते तिथे, एक बाण कोरलेला असतो. नवी पोलादी सुई लावून ती बाणाच्या टोकाशी खोबणीत ठेवायची.

४. चाक हाताने किंचित फिरवून सुई खोबणीत बसली आहे ना, हे पाहून पुन्हा खुणेवर आणायचं.

५. मोटर सुरू करायची आणि पडद्यावर चित्र जाताच आवाजाची कळ उघडायची.

तोवर दुसऱ्या प्रोजेक्टरवर पुढचं रीळ आणि पुढची तबकडी याच क्रमाने तयार ठेवायची. सुई एका वापराची. प्रत्येक तबकडीला नवी. तबकडीच्या लेबलवर छोट्या चौकटी छापलेल्या असत, दर खेळाला एकीवर खूण करायची. वीसेक खेळ झाले की खोबण झिजली असं समजून तबकडी बाद.

तबकडी आतून बाहेर का वाजते?

तबकडीच्या बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला साधारण २७ इंच वेगाने सरकते, आत त्याच्या निम्म्याच्या आसपास. वेग कमी तिथे बारीक, तीव्र आवाज दाटीवाटीने कोरले जातात आणि ते वाचायला सुई टोकदार लागते. लाखेच्या मिश्रणात खरखरीत भुकटी असते, तिच्याने पोलादी सुई अकरा मिनिटांत बोथट होते. म्हणून टोकदार सुई अवघड भागावर आधी, बोथट झालेली सुई सोप्या भागावर शेवटी. शिवाय आरंभाचा बाण आतल्या मोकळ्या जागेत नेमका कोरता येतो.

यात बिघाड काय काय व्हायचे?

फिल्म तुटली आणि ऑपरेटरने सरळ चिकटवली, की तेवढ्या चौकटी कमी होतात. तबकडी मात्र पूर्वीइतकीच. चोवीस चौकटी गेल्या की चित्र एक सेकंद पुढे पळतं आणि आवाज मागे राहतो : दार आपटून बंद झालेलं दिसतं, आवाज नंतर येतो. नियम असा होता की जितक्या चौकटी गेल्या तितक्याच काळ्या चौकटी मध्ये जोडायच्या. आठवड्याअखेरीस घाईत असलेला ऑपरेटर हा नियम पाळेलच असं नाही, आणि एका गावची चूक पुढच्या गावाला वारशाने मिळे.

सुईने पुढची खोबण गाठली तर उलटं होई, आवाज पुढे आणि चित्र मागे. सुई एकाच खोबणीत अडकली तर तोच ताल पुन्हा पुन्हा. नाचाच्या प्रसंगात असं झालं तर प्रेक्षकांना कळतही नसेल. ‘शंभर टक्के बोलणाऱ्या’ चित्रपटात मात्र नायकाच्या तोंडून नायिकेचा आवाज निघे आणि सगळं थिएटर खो-खो हसे.

यांशिवाय तबकड्या वाटेत फुटत. एक फुटली की त्या रिळापुरता चित्रपट मुका. फिल्मवरच आवाजाची पट्टी असलेली पद्धत शेवटी जिंकली ती मुख्यतः या कटकटींमुळे. आवाजाचा दर्जा पाहाल, तर सुरुवातीला तबकडीच सरस होती.

आज चित्र आणि आवाज जुळवतात तरी कसे? संगणकावर दोन फायली एकाखाली एक ठेवल्या की झालं ना?

नाही हो. दोन्ही फायली सारख्या लांबीच्या कधीच नसतात.

चित्राकडून सुरुवात करू. जुनी नायट्रेट फिल्म आकसलेली असते. टक्काभर आकसली तरी साध्या यंत्राच्या दात्यांवर तिची भोकं बसत नाहीत आणि फाटतात. म्हणून दाते नसलेल्या यंत्रावर एकेक चौकट टिपतात. त्याआधी हाताने, भिंगाखाली, प्रत्येक जोड तपासून कुठल्या फुटावर किती चौकटी तुटल्या असाव्यात याची नोंद करतात. एक फुटात १६ चौकटी. ही वही हेच पुढच्या सगळ्या कामाचं पंचांग.

आता तबकडी. तिचं भोक मध्यापासून केसभर जरी सरकलेलं असलं तरी दर फेऱ्याला सूर वर-खाली होतो. व्हायोलिनचा लांब स्वर ऐकला की लगेच कळतं. म्हणून भोकावर अवलंबून न राहता खोबणी पाहून तबकडी मध्यावर आणतात. झिजलेल्या खोबणीत मूळ सुई जिथे कधी टेकलीच नाही अशा उंचीवर बसणारी, वेगळ्या मापाची हिऱ्याची सुई निवडतात. तीन-चार मापं वाजवून पाहिल्याशिवाय ठरत नाही. आधी कसलीही सफाई न करता कच्चं मुद्रण करायचं आणि ते तसंच जपायचं. टिकटिक, खरखर काढणं त्याच्या प्रतीवर.

खरखर किती काढायची हा रुचीचा प्रश्न आहे आणि इथे हात आखडता घेतलेला बरा. या तबकड्यांत सुमारे पाच हजार हर्ट्झच्या पलीकडे फारसं काही नसतंच. सफाईच्या नादात झांजेवरच्या ब्रशचा आवाज गेला तर जॅझमधलं उरतं काय?

मग जुळवणी. आरंभाचा बाण आणि ‘स्टार्ट’ची चौकट दोन्ही शिल्लक असतील तर सुरुवात एका क्षणात जमते. पण बहुतेक प्रतींची सुरुवातच झिजून गेलेली असते. तेव्हा पडद्यावर दिसणारा आणि तबकडीत ऐकू येणारा एखादा ठळक ठोका शोधायचा : ढोलावर पडलेली काठी, आपटलेलं दार, मोटारीचा भोंगा. असा एक खुंटा ठोकला की पुढे जायचं आणि दुसरा ठोका तपासायचा. दोन खुंट्यांमध्ये आवाज मागे पडला असेल तर मध्ये चौकटी गेल्या आहेत. वहीत पाहायचं, जोड कुठे आहे.

मग तीन वाटा. गेलेल्या चौकटींच्या जागी आधीची चौकट तेवढा वेळ गोठवायची, काळ्या चौकटी घालायच्या, किंवा आवाजातून तेवढा तुकडा कापायचा. पाच-सात चौकटी असतील तर गोठवलेली चौकट कोणाच्या लक्षात येत नाही. संगीत कापणं हा शेवटचा उपाय, कारण ताल तुटलेला कानाला लगेच कळतो. हळूहळू, एकाच दिशेने फरक वाढत जात असेल तर दोष जोडाचा नाही, वेगाचा आहे. तेव्हा तबकडीचा वेग सूक्ष्म प्रमाणात बदलतात.

संवाद नसल्याने ओठांशी जुळवावं लागत नाही, हे सोपं. पण त्यामुळेच जागोजाग खुंटे मिळत नाहीत, हे अवघड. एखाद्या बागेतल्या प्रेमप्रसंगाखाली नुसते व्हायोलिनचे सूर वाहत असतील तर ते दोन सेकंद पुढे आहेत की मागे, कशावरून सांगणार? तिथे संगीतातलं वळण आणि चित्रातला बदल यांच्यावर विसंबावं लागतं.

घरच्या रेकॉर्ड प्लेअरवर अशी तबकडी वाजेल का?

नाही. १६ इंच बसतच नाही आणि भुजा पुरत नाही. बसवलीच तर घरच्या एलपीची बारीक सुई रुंद खोबणीच्या तळाशी घासत जाईल आणि फक्त खरखर ऐकू येईल. वेग ३३⅓ आहे म्हणून फसू नका.

संगीत कोणी वाजवलं आहे?

टॉमी आणि जिमी डॉर्सी, व्हायोलिनवर जो व्हेनुटी, गिटारवर एडी लँग आणि ट्रम्पेटवर फिल नेपोलियन ही मंडळी यात असल्याचं जाणकारांनी ओळखलं आहे. जॅझच्या चाहत्यांना एवढी नावं पुरेशी आहेत. पडद्यावर मात्र त्यांचा उल्लेख नाही.

जीन हार्लो दिसते का?

दिसते, पण गर्दीतली एक म्हणून, श्रेयनामावलीत नाव नसताना. नाचघर आणि पार्टीच्या प्रसंगांत मागच्या गर्दीत फिकट सोनेरी केसांची मुलगी शोधा. ‘हेल्स एंजल्स’ येऊन ती तारका झाली १९३० मध्ये.

नील हॅमिल्टनला कुठे तरी पाहिल्यासारखं वाटतं.

१९६६ च्या ‘बॅटमॅन’ दूरदर्शन मालिकेतले कमिशनर गॉर्डन.

कॉलीन मूरचं पुढे काय झालं?

१९२९ मध्येच तिचे दोन बोलपट आले, ‘स्मायलिंग आयरिश आइज’ आणि ‘फूटलाइट्स अँड फूल्स’. या दोन्हींच्या तबकड्या आहेत, चित्र नाही. म्हणजे ‘व्हाय बी गुड?’ची गोष्ट अर्ध्यावर थांबलेली. १९३४ नंतर तिने पडदा सोडला. तिने अतोनात हौसेने बनवून घेतलेलं बाहुल्यांचं ‘फेअरी कॅसल’ शिकागोच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात आहे. तिचं निधन १९८८ चं. चित्रपट परत आलेला तिला पाहता आला नाही.

मिलानमध्ये तिचे आणखी काही चित्रपट मिळाले का?

‘सिंथेटिक सिन’, हाही १९२९ चा आणि सायटर यांचाच. त्याच्या तबकड्यांचा पूर्ण संच मात्र नाही.

चित्र जवळपास चौकोनी का दिसतं?

फिल्मवर आवाजाची पट्टी नसल्याने चौकट मूकपटाइतकीच पूर्ण, ४ रुंद तर ३ उंच. पट्टीसाठी कडेची जागा सोडणाऱ्या चित्रपटांत ती आणखी अरुंद झाली होती. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. ते तसेच राहू द्या. ‘पडदा भरा’ केलंत तर डोकी आणि पाय छाटले जातात, आणि नाचाच्या चित्रपटात पायच छाटले तर काय पाहणार?

आपल्याकडे असे चित्रपट तेव्हा आले होते का?

याच सुमारास. १९२९ मध्ये कलकत्त्याच्या एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेसमध्ये युनिव्हर्सलचा ‘मेलडी ऑफ लव्ह’ दाखवला गेला आणि हिंदुस्थानात बोलपटाचा शिरकाव झाला. अर्देशीर इराणींनी पाहिलेला ‘शो बोट’ हाही संक्रमणकाळातलाच, अधूनमधून बोलणारा चित्रपट. तो पाहून आपणही बोलपट काढावा असं त्यांच्या मनाने घेतलं. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. त्याचं ध्वनिमुद्रण फिल्मवरच केलेलं होतं, तबकडीवर नाही. म्हणून फिल्म गेली तेव्हा तिच्याबरोबर आवाजही गेला. इटलीत चित्र आणि अमेरिकेत आवाज असा योग ‘आलम आरा’च्या वाट्याला येणं शक्यच नव्हतं. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) आपल्या सुदैवाने शिल्लक आहे.

घरात जुनं रीळ सापडलं आहे. काय करू?

आधी डबा उन्हातून, स्वयंपाकघरातून आणि माळ्यावरून हलवा. हवा खेळती असेल अशा थंड, सावलीच्या जागी ठेवा. जवळ सिगारेट, उदबत्ती, निरांजन काही नको. नायट्रेटमध्ये ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन त्याच्या आतच असतो, त्यामुळे पेट घेतलेलं रीळ पाण्यातही जळत राहतं. फार कुजलेलं नायट्रेट चाळीस-एक्केचाळीस अंशांवर आपोआपही पेटू शकतं. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखालची खोली त्याच्या पुढे जाते. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट रिळांना लागलेल्या आगीत केवढा ठेवा गेला ते आठवा.

मग कडेवर काय छापलं आहे ते वाचा. भोकांशेजारी इंग्रजीत ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ असं असतं. कोडॅकच्या फिल्मवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणाही असतात; त्यांवरून कच्ची फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळतं. या खुणा दर वीस वर्षांनी पुन्हा येतात, तेव्हा एकाच खुणेवर भरवसा नको.

कुजण्याच्या पायऱ्या ओळखा. चित्र पिवळट-तपकिरी होऊन फिकं पडणं ही पहिली. वेटोळी एकमेकांना चिकटू लागणं दुसरी. मग फेसासारखे फोड आणि उग्र वास, त्यानंतर सगळ्याचा एक गोळा, शेवटी तपकिरी भुकटी. पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत काम होऊ शकतं, तिसरीत काही भाग वाचतो. चिकटलेली वेटोळी स्वतः सोडवायला जाऊ नका. प्रोजेक्टरवर चढवून पाहू नका. आणि कुरिअरने तर मुळीच पाठवू नका, तो धोकादायक माल आहे. डब्याचे, लेबलचे आणि फिल्मच्या कडेचे फोटो काढा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला कळवा.

आणि मोठी तबकडी सापडली तर?

१६ इंची दिसली म्हणजे व्हिटाफोनच असेल असं नाही. रेडिओच्या कार्यक्रमांच्या तबकड्याही याच मापाच्या आणि याच वेगाच्या असत. व्हिटाफोनच्या लेबलवर चित्रपटाचं नाव आणि रिळाचा क्रमांक असतो, आणि आत तो बाण. लाखेची तबकडी जड आणि ठिसूळ असते. दोन्ही हातांनी कडेला धरा आणि उभी ठेवा, टेकवून नव्हे. धूळ मऊ ब्रशने काढा, फार तर ऊर्ध्वपातित पाण्याने ओला केलेला कपडा. स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात नको, लाख त्यात विरघळते. तडा गेला असेल तर डिंक-फेव्हिकॉल लावू नका. सगळे तुकडे वेगवेगळ्या कागदात गुंडाळून ठेवा. दुरुस्त न केलेली फुटकी तबकडी नीट जुळवून वाजवता येते, चिकटवलेली येत नाही.

चित्रपट कुठे मिळेल?

वॉर्नर आर्काइव्हने २०१४ मध्ये डीव्हीडी काढली, अधिकृत आवृत्ती ती. १९२९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या कृतींचा तिथला स्वामित्वहक्क १ जानेवारी २०२५ ला संपला, त्यामुळे इंटरनेटवर प्रती वाढतील. घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. कालावधी ८४ मिनिटांच्या जवळपास हवा. शंभरीच्या वर असेल तर कोणी तरी मूकपट समजून तो संथ चालवला आहे. आणि संगीत मूळ तबकड्यांचं हवं, वरून चिकटवलेला पियानो नको.

टीव्हीवर पाहणार असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. नाहीतर चार्ल्सटन नाचताना मूरच्या पावलांभोवती धुरकट पिसारा दिसतो, आणि दोष बिचाऱ्या जुन्या फिल्मला जातो.